दिसायला खतरनाक, कापायला कुचकामी! चाकूच्या कोणत्या 'फीचर'वर जाणकार नाक मुरडतात? वाचा सविस्तर

काळं पातं, पाठीवर करवतीसारखे दाते, मधोमध तीन भोकं, मुठीवर बोटांच्या खोबणी आणि सोबत म्यान. सेलमध्ये किंमत निम्म्यावर. मोबाइलवर असा चाकू दिसला की बोट आपोआप 'बाय नाऊ'कडे वळतं. पार्सल घरी येतं, आठवडाभर मित्रांना दाखवून होतं. मग एके दिवशी आई त्याच चाकूने टोमॅटो कापायला घेते. टोमॅटो चेंगरतो, रस ओट्यावर सांडतो, चाकू खोक्यात जातो आणि कोपऱ्यातली जुनी सुरी पुन्हा कामाला लागते.

जगभरात चाकू जमवणाऱ्या, त्यांची पोलाद-पातळी तपासणाऱ्या शौकिनांचा मोठा वर्ग आहे. कोणता चाकू चांगला यावर त्यांचं कधीच एकमत होत नाही. मात्र चाकूत काय नको, याबाबत त्यांची मतं आश्चर्य वाटावं इतकी जुळतात. आणि गंमत अशी की, रावेर-यावल पट्ट्यात दिवसभर केळीचे घड उतरवणारा मजूर किंवा रस्त्याकडेला भाता पेटवून विळे घडवणारा घिसाडी यांनाही नेमक्या त्याच गोष्टी खटकतात. त्यामागे आवडीनिवडीपेक्षा साधं यंत्रशास्त्र जास्त आहे.

पाठीवरची करवत : सिनेमातून आली, खिशात बसली

१९८२ मध्ये 'फर्स्ट ब्लड' हा हॉलिवूडपट आला. त्यातल्या रॅम्बोच्या हातात पाठीला दाते असलेला, पोकळ मुठीचा भलामोठा चाकू होता. त्यानंतर जगभर त्याच्या स्वस्त नकला निघाल्या आणि आजही ऑनलाइन बाजारात त्याच साच्यातले चाकू विकले जातात.

करवतीचं काम कसं चालतं? तिचे दाते एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित वाकवलेले असतात. त्यामुळे लाकडात पडणारी खाच पात्याच्या जाडीपेक्षा थोडी रुंद होते आणि पातं अडकत नाही. चाकूच्या पाठीवरचे दाते सरळ रेषेत कोरलेले असतात. लाकडात दोन-तीन सेंटिमीटर गेले की फसतात. म्हणजे करवत म्हणून उपयोग नाही. उलट नुकसान मात्र आहे. टणक काही कापताना आपण डाव्या हाताचा तळवा पाठीवर ठेवून दाब देतो. डांगर फोडताना प्रत्येक घरात हेच होतं. तिथे दाते असतील तर तळहात सोलून निघणार. शिवाय प्रत्येक दात म्हणजे धातूतली एक खाच आणि खाचेच्या कोपऱ्यात ताण एकवटतो. पातं मोडायचं झालं तर बहुतेक वेळा तिथूनच मोडतं.

पोकळ मुठीची कथा याहून वाईट. आत काडेपेटी, गळ, दोरा ठेवायला जागा मिळते खरी. पण त्यासाठी पात्याची मुठीत जाणारी शेपटी कापून टाकावी लागते. सगळा जोर बोटभर लांबीच्या एका सांध्यावर येतो.

दाते सगळीकडेच वाईट का?

नाही. इथे शौकीन मंडळी थोडा अतिरेक करतात. भात, गहू कापायला दातेरी 'वैभव' विळा शेतकऱ्यांनी आनंदाने स्वीकारला, कारण कोरडं, तंतुमय पिकाचं बूड दात्यांत पकडलं जातं आणि ओढताना तुटतं. त्याला रोज पाजवावंही लागत नाही. ब्रेड कापायची लांब दातेरी सुरी हाही तसाच योग्य वापर.

आक्षेप आहे तो अर्ध्या पात्याला दाते आणि अर्ध्याला साधी धार, या तडजोडीवर. छोट्या चाकूची धार मुळात आठ-नऊ सेंटिमीटरची. ती अर्धी वाटली की ना साधी धार पुरेशी उरते, ना दातेरी. त्यातही दाते बहुतेकदा मुठीजवळ असतात आणि जोर लावून बारीक काम करण्याची जागाही नेमकी तीच असते. दाते बोथट झाले की घरच्या दगडावर त्यांना धार लागत नाही. प्रत्येक खोबणीत गोल कानस फिरवावी लागते. ते कोण करणार?

जळगावच्या केळीच्या बाबतीत तर हा फरक थेट पैशाचा आहे. जळगाव केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पॅकहाउसमध्ये घडापासून फण्या वेगळ्या केल्या जातात, तेव्हा देठाशी गुळगुळीत, एका झटक्यात काप जावा लागतो. काप फाटका, दोरे निघालेला असला की त्या जखमेत बुरशीला आसरा मिळतो आणि प्रवासात फणीचा देठ काळा पडून कुजू लागतो. केळी आतून उत्तम असली तरी पेटी उघडणारा खरेदीदार आधी देठ बघतो. म्हणून तिथे वाकडं, साधी धार असलेलं छोटं पातंच लागतं. दातेरी चाकू कितीही 'हेवी ड्युटी' असला तरी त्या टेबलावर त्याला जागा नाही.

पात्यावर कोरलेली भोकं, खोबणी आणि नक्षी यांचाही तिथे त्रास होतो. केळीचा चीक त्यात जाऊन वाळतो, काळा पडतो, निघता निघत नाही. मर रोगासारख्या आजारात एका झाडाची माती-रस दुसऱ्या झाडाला लागू नये म्हणून अवजारं धुऊन निर्जंतुक करायला सांगितलं जातं. सपाट पातं फडक्याने पुसता येतं. नक्षीदार पात्याला मात्र ब्रश घेऊन बसावं लागतं.

जाड म्हणजे मजबूत, पण किती?

ग्राहकाला जड चाकू हातात घेतला की भरवसा वाटतो. हा समज पूर्ण चुकीचा नाही. पट्टीची जाडी २ मिलिमीटरवरून ३ मिलिमीटर केली, तर तिचा ताठपणा दीडपट नाही, तर ३.३७५ पट होतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. कुऱ्हाड, कोयता यांना हे हवंच असतं.

स्वयंपाकघरात मात्र पातं म्हणजे पाचर. धार कितीही तीक्ष्ण असली तरी तिच्यामागून येणारी जाडी भाजीला दोन्हीकडे ढकलते. गाजर कापलं जात नाही, कडकन फुटतं. बटाट्याच्या चकत्या जाड-बारीक पडतात. शौकिनांच्या भाषेत हा चाकू 'धारेमागे जाड' असतो, आणि एवढं एकच वाक्य ऐकून ते पुढचं वर्णन ऐकायचं सोडतात. साधारणपणे युरोपीय धाटणीच्या सुऱ्यांना प्रत्येक बाजूने २० अंशांच्या आसपास, तर जपानी सुऱ्यांना १५ अंशांच्या आसपास धार दिलेली असते. पण कोन सारखा असूनही दोन सुऱ्या वेगवेगळ्या कापतात, त्याचं कारण ही मागची जाडी.

मूठ : खरी परीक्षा दुपारी दोन वाजता

दुकानात चाकू अर्धा मिनिट हातात धरला जातो. शेतात तो सहा तास धरावा लागतो. मुठीतले सगळे दोष या फरकात लपलेले असतात.

बोटांच्या खोबणीचंच घ्या. फोटोत त्या आरामदायी वाटतात. पण त्या कोणाच्या तरी बोटांच्या मापाने काढलेल्या असतात. तुमचं बोट त्याहून बारीक किंवा जाड असेल, तर दोन खोबणींमधला उंचवटा नेमका बोटाखाली येतो आणि तासाभरात तिथे फोड उठतो. दुसरं म्हणजे काम करताना माणूस पकड सारखी बदलतो. कधी मूठ घट्ट, कधी अंगठा पाठीवर, कधी पातं उलटं धरून आपल्याकडे ओढायचं. खोबणी फक्त एकाच पकडीला परवानगी देतात. बाजारातले बहुतेक साचे मोठ्या हाताच्या पुरुषांसाठी काढलेले असतात. शेतात कापणी-खुरपणीला बायका मोठ्या संख्येने असतात, हे त्या साच्याला माहीत नसतं.

घिसाड्याकडच्या विळ्याची मूठ याउलट अगदी साधी: गोलसर लाकूड, मध्ये किंचित फुगीर, शेवटी जरा रुंद म्हणजे हातातून निसटणार नाही. ती आधुनिक दिसत नाही एवढाच तिचा गुन्हा.

अखंड स्टीलची चकचकीत मूठ हा आणखी एक नावडता प्रकार. धुवायला सोपी, सांधा नाही, त्यामुळे हॉटेलच्या जाहिरातीत ती छान दिसते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा बांधावर उन्हात पडलेली ती मूठ हातात घेऊन बघावी. घामाने, तेलाने किंवा केळीच्या चिकाने ओला झालेला हात तिच्यावरून सरकतो, आणि मुठीच्या पुढे बोट अडवणारा काही उंचवटा नसेल तर बोटं थेट धारेवर जातात. तळहाताच्या आतल्या शिरा कापल्या गेल्या की बोट पूर्वीसारखं वळेलच याची खात्री नसते. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसासाठी ही जखम हंगामाएवढी महाग पडते.

मुठीच्या आत काय आहे, हे मात्र बाहेरून कळत नाही. पात्याची शेपटी मुठीच्या टोकापर्यंत गेलेली आहे की दोन इंचांवर संपते? शेवटपर्यंत गेलेली, दोन-तीन रिव्हेटांनी पक्की केलेली शेपटी बाजूने पाहिली की दिसते. प्लास्टिकने पूर्ण झाकलेल्या मुठीत ती दिसत नाही. अशी लपलेली शेपटी नेहमीच वाईट असते असं नाही. पण स्वस्त चाकूत ती उंदराच्या शेपटीसारखी बारीक निघण्याची शक्यता जास्त.

कांद्याच्या पातीची माळ

भरताचा हंगाम आला की खान्देशात कांद्याची पात ढिगाने चिरली जाते. (जळगावच्या भरीत वांग्यालाही २०१६ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं.) पात चिरून उचलली आणि तुकडे सुटे पडण्याऐवजी माळेसारखे लटकले, तर दोष बहुतेक वेळा चिरणाऱ्याच्या हातात नसतो.

महागड्या पाश्चात्त्य धाटणीच्या काही सुऱ्यांमध्ये पातं आणि मूठ यांच्या सांध्यावर धातूचा जाड ठोकळा असतो. त्याला बोल्स्टर म्हणतात. तो जर थेट धारेपर्यंत खाली आलेला असेल, तर दगडावर धार लावताना मुठीजवळचा भाग घासलाच जात नाही. पुढची धार वर्षानुवर्षं झिजत जाते, ठोकळा मात्र जिथल्या तिथे. मग पातं पाटावर टेकवलं की ठोकळा आधी टेकतो आणि त्याच्या पुढे बारीकशी फट राहते. त्या फटीत पात अर्धवट कापली जाते. नवीन असताना सुरी उत्तम चालते, म्हणून दुकानात हा दोष कधीच दिसत नाही. आता अनेक कंपन्या ठोकळा अर्ध्यावरच थांबवतात.

विळीला हा प्रश्न कधी पडला नाही. तिचं पातं उभं, बाकदार, मोकळं. हवी तिथे कानस फिरवा.

'दमास्कस'ची छपाई आणि पाण्याची गोष्ट

पात्यावर लाटांसारखी नक्षी असलेले चाकू सध्या फार विकले जातात. दोन प्रकारच्या पोलादाचे थर घडीवर घडी घालून ठोकले, मग आम्लात बुडवले की अशी नक्षी उमटते. ही खरी मेहनत. पण स्वस्त चाकूंवर ती लेझरने छापलेली असते. ओळखायची कशी? खरी नक्षी पाठीच्या कडेवरही थरांच्या रेषांनी दिसते, छापील नक्षी कडेला येऊन संपते. पाच-सहा वेळा घासली की ती पुसट होऊ लागते. गंमत म्हणजे ज्या मूळ पोलादामुळे दमास्कसच्या तलवारींची कीर्ती झाली, त्या 'वूट्झ' पोलादाचं मोठं उगमस्थान दक्षिण भारत होतं.

नक्षीपेक्षा महत्त्वाचं आहे ते पोलाद कोणतं आणि त्याला पाणी कसं दिलं आहे. नुसतं 'स्टेनलेस स्टील' लिहिणं म्हणजे मेनूकार्डवर फक्त 'भाजी' लिहिण्यासारखं. ४१० सारख्या प्रकारात कार्बन जेमतेम ०.१५ टक्क्यांपर्यंत असतो. ते गंजत नाही, पण धारही फार काळ धरत नाही. रॉकवेल मापात जर्मन धाटणीच्या सुऱ्या साधारण ५६ ते ५८ आणि जपानी सुऱ्या ६० च्या पुढे असतात. हा आकडा किंवा पोलादाचा प्रकार कुठेच दिलेला नसेल, तर पात्यावर ड्रॅगन का छापला आहे हे समजून घ्यायला हरकत नाही.

घिसाडी, लोहार मात्र ट्रकच्या जुन्या कमान-पाट्यापासून कोयते-विळे करतात. पाट्याचं हे स्प्रिंग-पोलाद मुळात लाखो हेलकावे सोसण्यासाठी बनलेलं असतं, त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा वर असतो आणि योग्य पाणी दिलं तर ते कडकही होतं, चिवटही राहतं. उणीव म्हणजे ते गंजतं, आणि पाणी देण्याची अचूकता कारागिराच्या नजरेवर अवलंबून असते. दोन विळे सारखे निघत नाहीत. हे मान्य करायला हवं.

इथे 'फीचर'चा संबंध पोलिसांशी येतो

हा भाग तरुण खरेदीदारांनी विशेष वाचावा. आर्म्स अॅक्ट १९५९ आणि आर्म्स रूल्स २०१६ नुसार, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू 'शस्त्र' या वर्गात मोडतात. मात्र घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली साधनं त्यातून वगळलेली आहेत. म्हणून कोयता, उसाची कापणी, हॉटेलातली लांब सुरी हे सगळं चालतं. कळीचा शब्द आहे 'बनवलेली'. वस्तूची रचना कोणत्या कामासाठी आहे, हा प्रश्न इथे येतो.

आणि दुधारी पातं, पाठीवरचे दाते, मुठीला जोडलेला बोटांचा लोखंडी पंजा ही रचना कोणत्या भाजीसाठी आहे, याचं उत्तर देणं अवघड आहे. दुधारी चाकूवर अंगठा टेकवून जोर देता येत नाही, त्यामुळे घरकामात तो निरुपयोगी. शौकीन त्याला नाकारतात त्याचं हेच कारण. कामासाठी नको असलेली ही वैशिष्ट्यंच 'घरगुती वापर' या बचावाला कमकुवत करतात. कलम ४ खाली अधिसूचना असलेल्या भागात अशी शस्त्रं विनापरवाना बाळगल्यास कलम २५ नुसार एक ते तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

माप कमी असलं म्हणजे सुटलो, असंही नाही. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश निघतात. त्यात चाकूचा स्पष्ट उल्लेख असतो आणि ९ इंचांची सवलत नसते. त्या दिवसांत कमरेला म्यान लावून रील बनवणं म्हणजे स्वतःच्याच मोबाइलवर पुरावा तयार करणं.

खान्देशात पोलीस याबाबत सावध असण्यामागे कारणही आहे. मुंबई-आग्रा महामार्ग धुळ्यातून जातो. एप्रिल २०२२ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या सोनगीर पोलिसांनी याच महामार्गावर एका स्कॉर्पिओतून ८९ तलवारी आणि एक खंजीर जप्त केला होता. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जाणारं सोनगीर तेव्हा राज्यभराच्या बातम्यांत आलं ते या जप्तीमुळे. कुरिअरमधला एक दिखाऊ चाकू आणि ८९ तलवारी यांत अर्थातच जमीन-अस्मानाचा फरक आहे; पण तपासणी नाक्यावर पिशवी उघडली जाते तेव्हा तो फरक समजावून सांगायची वेळ तुमच्यावर येते.

दुकानात काय बघाल?

जळगावचं फुले मार्केट असो, धुळ्याचा पाच कंदील परिसर असो किंवा आठवडे बाजार, चाकू हातात घेऊन बघता येतो, हा ऑनलाइनपेक्षा मोठा फायदा आहे. धार डोळ्यांसमोर धरून उजेडाकडे करा. बोथट जागा बारीक चमकते, तीक्ष्ण धार दिसतच नाही. पातं पाटावर टेकवून मुठीजवळ फट राहते का बघा. मूठ ओल्या हाताने धरा. पाठीच्या कडा बोटाला रुतत असतील तर अंगठ्याचं रोज काय होईल, याचा अंदाज येतो. घडीचा चाकू असेल तर उघडून कुलूप लावा आणि पातं वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. डावखुऱ्यांनी एक गोष्ट जास्तीची पाहायची: कलम करण्याच्या काही चाकूंना आणि दातेरी विळ्यांना एकाच बाजूने उतार दिलेला असतो, आणि तो बहुतेकदा उजव्या हाताचा असतो.

चांगला चाकू बिघडवण्याची शेवटची जागा म्हणजे धार लावण्याचं चाक. सायकलवर चाक फिरवत गल्लीत येणारा धारवाला अनुभवी असेल तर पातं हलकेच टेकवतो, मध्ये मध्ये पाण्यात बुडवतो. घाई असेल, विजेवरचं वेगवान चाक असेल, तर ठिणग्यांचा पाऊस पडतो आणि बघणाऱ्याला वाटतं, काय धार लागतेय! धारेवर निळसर पट्टा उमटला, म्हणजे ती जागा ३०० अंशांच्या आसपास तापली आणि पोलादाचं पाणी उतरलं. तो निळा भाग घासून जाईपर्यंत त्या चाकूला कितीही धार लावा, दोन दिवसांच्या वर टिकत नाही.